अलाबामा, कॅन्सस आणि आपली महाविद्यालयीन कबड्डी

नाशिकमध्ये आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे निकाल लागले, की मैदानाबाहेरच्या टपरीवर एक वाद ठरलेला असतो. संघ जिंकतो तो मुलांच्या अंगच्या गुणांवर, की प्रशिक्षकाच्या मेहनतीवर? हरलेल्या महाविद्यालयाची मंडळी ‘यंदा पोरंच मिळाली नाहीत’ असे सांगतात. जिंकलेल्यांपैकी निम्मे एखाद्या चढाईपटूचे नाव घेतात आणि निम्मे सरांचे. मी स्वतः खेळत होतो तेव्हापासून हा वाद ऐकत आलो आहे आणि तो कधीच पुढे सरकत नाही, कारण त्याला लागणारा पुरावाच आपल्याकडे कोणी ठेवत नाही. मुलगा महाविद्यालयात आला तेव्हा कसा खेळत होता, त्याच्याकडून कोणता सराव किती काळ करून घेतला आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी तो कुठवर पोहोचला, याची नोंद मला आजवर एकाही जिमखान्यात पाहायला मिळालेली नाही.

ही नोंद जिथे दशकानुदशके ठेवली जाते असा एक खेळ आहे आणि तो आपल्यापासून फार दूर आहे. अमेरिकेतले महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू आणि काही सेकंदांत संपणाऱ्या डावांची मालिका, असा तो खेळ. माझा भाचा शिक्षणासाठी डॅलसला गेला आणि त्याच्यामुळे मला त्याची गोडी लागली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार शनिवारी दुपारी बाराला सुरू होणारा सामना इथे रात्री साडेनऊला पाहता येतो, म्हणून ही गोडी टिकली. विद्यापीठाच्या मुलांचा सामना पाहायला किती लोक येतात हे सांगितले तर इथे कोणाला खरे वाटत नाही. अलाबामा विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि मिशिगनच्या मैदानात त्याहूनही जास्त. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात कोणतीच गोष्ट नोंदीवाचून राहत नाही. शाळेत असलेल्या सतरा वर्षांच्या मुलांनाही तिथे तारे दिले जातात: साधारण खेळाडूला दोन किंवा तीन, अव्वल मुलाला चार आणि देशभरातल्या मोजक्या मुलांना पाच.

चार आणि पाच तारेवाल्या मुलांना तिथे ‘ब्लू चिप’ म्हणतात. बड इलियट या पत्रकाराने एक साधा हिशेब मांडला. विद्यापीठाने गेल्या चार वर्षांत घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले ब्लू चिप आहेत का, एवढेच पाहायचे. २०११ पासून २०२४ च्या हंगामापर्यंत राष्ट्रीय विजेता ठरलेला प्रत्येक संघ या कसोटीत बसला. एकही अपवाद झाला नाही. शंभराहून जास्त विद्यापीठे वरच्या गटात खेळत असताना ही कसोटी पार करणारी विद्यापीठे दर वर्षी पंधराच्या आसपासच असतात. म्हणजे हंगाम सुरू होण्याआधीच बहुतेक संघांच्या नावावर काट मारता येत होती आणि ती चुकत नव्हती. ‘शेवटी पोरं चांगली लागतात’ म्हणणाऱ्यांना याहून भक्कम पुरावा कोणता हवा?

त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा ९ जानेवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात मिळाला. टेक्सासमधल्या टीसीयू या विद्यापीठाने आधीच्या वर्षी पाच सामने जिंकून सात हरले होते. मग सॉनी डाइक्स हे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांच्या पहिल्याच हंगामात हा संघ उपांत्य फेरीत मिशिगनला ५१–४५ असा हरवून अंतिम सामन्यात पोहोचला. तिथवरचा प्रवास शिकवण्याचा होता यात मला शंका नाही. समोर मात्र जॉर्जिया होते. या विद्यापीठाच्या एकाच संघातून २०२२ साली १५ खेळाडू व्यावसायिक लीगने निवडून घेतले होते आणि तरीही त्यांच्या जागी तितकीच दमदार मुले उभी होती. निकाल लागला ६५–७. मी तो सामना पाहिला आहे. टीसीयूच्या मुलांनी डावपेचांत ठळक चुका केल्या असे मला दिसले नाही. समोरची मुले त्यांच्यापेक्षा जड होती, वेगवान होती आणि दमलेल्या खेळाडूच्या जागी येणारा ताजा खेळाडूही तितकाच चांगला होता. गुणांची तूट एका मर्यादेपलीकडे गेली, की शिकवण कमी पडते.

मग वाद इथेच संपतो का? माझ्या मते तो इथे सुरू होतो, कारण याच वर्षी, याच टेक्सास राज्यात उलटे उदाहरणही घडले. टेक्सास ए अँड एम या विद्यापीठाने २०२२ साली जी मुले घेतली त्यांना ताऱ्यांच्या हिशेबात तोवरच्या सगळ्या इतिहासात सर्वांत वरचा क्रमांक मिळाला होता. प्रशिक्षक जिम्बो फिशर यांच्या नावावर आधीच फ्लोरिडा स्टेटचे राष्ट्रीय विजेतेपद होते. त्या हंगामात हा संघ ॲपलाचियन स्टेटसारख्या लहान विद्यापीठाकडून घरच्या मैदानावर १७–१४ असा हरला, पुढे सलग सहा सामने हरला आणि पाच विजय, सात पराभव अशा हिशेबावर थांबला. गाजावाजा करून आणलेल्या त्या मुलांपैकी बरीचशी पुढे इतर विद्यापीठांत निघून गेली. फिशर यांना २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दूर केले, तेव्हा करार मोडल्याबद्दल त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे विद्यापीठाला भाग पडले. अव्वल मुलांची अशी रास जमवूनही संघ उभा राहत नाही, हे पाहिल्यावर ताऱ्यांच्या हिशेबाचा अर्थ मला नीट कळू लागला. तारे संघाची हद्द सांगतात, ती हद्द गाठली जाईल की नाही हे सांगत नाहीत.

प्रशिक्षक निक सेबन यांचे नाव या वादात दोन्ही बाजूंनी घेतले जाते. त्यांनी लुइझियानातल्या एलएसयू या विद्यापीठाला २००३ साली आणि अलाबामाला सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. त्यांच्यावर टीका करणारे म्हणतात, की दर वर्षी देशातली सर्वांत चांगली मुले मिळाली तर कोणीही जिंकेल. अलाबामातले त्यांचे पहिले वर्ष पाहिले तर हे म्हणणे थोडे खरे वाटते. २००७ साली, आधीच्या प्रशिक्षकाने जमवलेल्या मुलांसह, त्यांनी सात सामने जिंकले आणि सहा हरले. त्यात लुइझियाना-मन्रो या अगदी दुबळ्या संघाकडून झालेला पराभवही होता. २००८ साली त्यांनी स्वतः निवडलेली मुले आली; हूलिओ जोन्स, मार्क इन्ग्रम, मार्क बॅरन ही नावे त्यातलीच. त्या वर्षी बारा विजय आणि २००९ साली चौदापैकी चौदा. प्रशिक्षक तोच होता आणि मुले बदलली, असा याचा सरळ अर्थ लावता येईल. पण २००९ च्या त्या अपराजित संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेला खेळाडू, ग्रेग मॅकेलरॉय आणि बचावातला हाविएर अरेनास हे दोघे आधीच्या प्रशिक्षकाने आणलेले होते. सात-सहा करणाऱ्या संघातली हीच मुले दोन वर्षांत विजेती झाली. शिकवण्याचा वाटा कुठे आहे, ते इथे दिसते.

सेबन यांच्या शिकवण्याची मुळे अलाबामाच्याही आधीची आहेत. १९९८ साली ते मिशिगन स्टेटला होते आणि त्यांचा मध्यम दर्जाचा संघ पहिल्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटशी त्यांच्याच मैदानावर खेळणार होता. विद्यापीठातले मानसोपचाराचे प्राध्यापक लायनेल रोझेन यांनी त्यांना सुचवले, की एक डाव सरासरी सात सेकंद चालतो, तर मुलांना सामन्याचा विचारच करू देऊ नका. समोरच्या सात सेकंदांतले आपले काम पूर्ण करा, मग गुणफलकाकडे न पाहता पुढच्या सात सेकंदांकडे वळा. मिशिगन स्टेटने तो सामना २८–२४ असा जिंकला. सेबन यांनी पुढची पंचवीस वर्षे हीच रीत सरावात, व्यायामशाळेत आणि अभ्यासाच्या तासांतही राबवली. मला यात जादू दिसत नाही, चिकाटी दिसते. एक विचार एका सामन्यापुरता वापरणे कोणालाही जमेल. तो रोजच्या सरावात पाव शतक टिकवणे हे प्रशिक्षकाचे खरे काम आहे.

मला मात्र सर्वांत जास्त आदर वाटतो तो बिल स्नायडर यांच्याबद्दल. कॅन्सस स्टेट हे विद्यापीठ मॅनहॅटन नावाच्या गावात आहे. न्यूयॉर्कचे नव्हे, कॅन्सस राज्यातल्या गवताळ माळावरचे. राज्याची लोकसंख्या थोडी आणि शाळांतून निघणारे अव्वल खेळाडू त्याहून थोडे. स्नायडर १९८९ च्या हंगामात आले तेव्हा हा संघ २६ सामने हरलेला आणि एक बरोबरीत सोडवलेला, असा २७ सामने विजयाविना होता. पहिल्या वर्षी त्यांनी एकच सामना जिंकला आणि त्या एका विजयावर लोकांनी मैदानातले गोलखांब उपटून काढले. पुढच्या वर्षी पाच, त्याच्या पुढच्या वर्षी सात. १९९३ पासून २००३ पर्यंत हा संघ सलग अकरा वर्षे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांसाठी पात्र ठरला. १९९८ साली तो देशात पहिल्या क्रमांकापर्यंत गेला आणि २००३ साली त्याने अपराजित ओक्लाहोमाला ३५–७ असे लोळवून आपल्या परिषदेचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, विजेतेपद घेतले.

हे त्यांनी कोणत्या मुलांच्या बळावर केले, ते पाहण्यासारखे आहे. मोठी विद्यापीठे दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या मुलांकडे फारशी पाहत नसत. स्नायडर तिथे जाऊन मुले निवडत. शिष्यवृत्तीशिवाय, केवळ खेळायला मिळावे म्हणून संघात येणाऱ्या मुलांना तिथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. अशा मुलांना त्यांनी खरोखर संधी दिली. जॉर्डी नेल्सन हा जवळच्याच लहान गावातला मुलगा असाच आला, बचावातून चेंडू झेलणाऱ्याच्या जागी हलवला गेला आणि पुढे व्यावसायिक लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सचा नावाजलेला खेळाडू झाला. स्नायडर २००५ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. त्यांच्या मागून आलेल्या प्रशिक्षकाने तीन वर्षांत १७ सामने जिंकले आणि २० हरले. २००९ साली विद्यापीठाने सत्तरीला टेकलेल्या स्नायडरना परत बोलावले आणि २०१२ साली हा संघ पुन्हा परिषदेचा विजेता झाला. गाव, राज्य आणि मैदान तेच राहिले, मिळणारी मुलेही साधारण त्याच ताऱ्यांची राहिली. प्रशिक्षक गेला तेव्हा संघ खाली आला आणि प्रशिक्षक परतला तेव्हा वर गेला. याहून स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम मांडायचे ठरवले असते तरी मांडता आला नसता. राष्ट्रीय विजेतेपद मात्र स्नायडरना कधीच मिळाले नाही, आणि टीसीयूच्या ६५–७ मध्ये जे दिसले तेच त्याचेही कारण असावे असे मी मानतो.

२०२५ च्या हंगामापर्यंत माझा हिशेब इथेच थांबला असता. पण इंडियाना विद्यापीठाने तो पुन्हा मांडायला लावला. या खेळाच्या इतिहासात सर्वांत जास्त पराभव ज्यांच्या नावावर होते अशांपैकी हे एक विद्यापीठ. २०२३ साली तीन विजय आणि नऊ पराभव. कर्ट सिग्नेटी आले आणि पहिल्याच वर्षी अकरा विजय मिळाले. दुसऱ्या वर्षी सोळापैकी सोळा सामने जिंकून इंडियाना राष्ट्रीय विजेते झाले. ब्लू चिप मुले त्यांच्याकडे अगदी मोजकी होती. इलियट यांची कसोटी इतकी वर्षे टिकली होती, ती इथे मोडली.

हे कसे झाले याचे उत्तर सिग्नेटी यांच्या पूर्वायुष्यात आहे. २००७ ते २०१० या काळात ते अलाबामात सेबन यांच्या हाताखाली होते आणि तिथे त्यांच्याकडे मुलांच्या भरतीचे काम होते. म्हणजे हूलिओ जोन्स आणि इन्ग्रम ज्या वर्षी आले, त्या वर्षीची निवड ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्यांतले ते एक. इंडियानाला येताना त्यांनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत आणले. खेळाडूला विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा २०२१ पासून सर्रास मिळू लागली होती आणि त्या मुभेचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. सतराव्या वर्षी किती तारे होते याला त्यांनी फार महत्त्व दिले नाही. महाविद्यालयाच्या मैदानावर या मुलाने आजवर प्रत्यक्ष काय केले, हे पाहून निवड केली. फर्नांडो मेंडोझा हा त्यांचा क्वार्टरबॅक शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांच्या नजरेत भरला नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठातून तो इंडियानाला आला आणि त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइजमन करंडक त्याने पटकावला.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ‘गुण की शिकवण’ असा सवाल टाकणेच चूक आहे, कारण महाविद्यालयाच्या संघात गुण आपोआप चालत येत नाहीत; ते कोणीतरी हेरलेले असतात, आणि ते हेरणे हाच प्रशिक्षणाचा अर्धा भाग आहे. तारे सतरा वर्षांच्या मुलाच्या शरीराला मिळतात. विजेतेपदाच्या सामन्यात खेळणारा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा असतो. मधली चार वर्षे कोणाच्या हाती जातात, त्यावर त्या ताऱ्यांचे काय होणार ते ठरते. जॉर्जियाने २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षे विजेतेपद मिळवले तेव्हा त्या तारांकित संघाचा क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट हा वॉक-ऑन होता. मधे एकदा कंटाळून कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन परत आलेला मुलगा. देशातली सर्वांत गुणी मुले ज्यांच्याकडे होती, त्यांनाही सर्वांत मोक्याच्या जागी दुसऱ्या कोणाला न दिसलेला मुलगाच उपयोगी पडला.

आता नाशिककडे वळतो, कारण हे सगळे मी नाशिकसाठीच लिहितो आहे.

आमचा जिल्हा गुणांना कमी नाही, हे सिद्ध झालेले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे २०१७ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. या मुलींच्या पायांत बळ डोंगरातल्या चढ-उतारांनी आधीच भरले होते, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. पण असे डोंगर पेठला आहेत, सुरगाण्याला आहेत, शेजारच्या जिल्ह्यांतही आहेत आणि तिथे मुली पिढ्यानुपिढ्या चढ-उतार करत आल्या आहेत. त्यातून आंतरराष्ट्रीय धावपटू निघू लागल्या त्या विजेंद्र सिंग हे प्रशिक्षक नाशिकमध्ये ठाण मांडून बसल्यावर. त्यांनी शालेय स्पर्धांत धावणाऱ्या मुली पाहिल्या, त्यांना शहरात आणले आणि वर्षानुवर्षे त्यांच्याकडून पहाटेचा सराव करून घेतला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला. दुष्काळी गावातला, विहिरी खोदण्याचे काम केलेला हा उंच मुलगा वल्हे धरायला शिकला ते लष्करात भरती झाल्यावर. त्याचे शरीर गावातही तेच होते. त्या शरीरात वल्हेकरी दिसणारे डोळे त्याला लष्करात भेटले.

धावणे आणि वल्हवणे हे एकट्याचे खेळ आहेत आणि संघाची गोष्ट वेगळी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबरच आहे, पण संघाच्या खेळात प्रशिक्षकाची गरज वाढते, कमी होत नाही. एकटा धावपटू निदान स्वतःच्या बळावर जिल्हा पातळी गाठू शकतो. कबड्डीत सात जणांनी एकाच क्षणी हलायचे असते आणि ते उपजत कोणालाच येत नाही.

काही वर्षांपूर्वी निफाडकडच्या एका महाविद्यालयाचा सराव मी जवळून पाहिला. मुले शेतकऱ्यांची; राज्य पातळीवर त्यांतले कोणीच खेळलेले नव्हते. प्रशिक्षक पोलीस दलातून निवृत्त झालेले होते आणि संध्याकाळी स्वतःच्या मोटरसायकलवरून यायचे. ते कोपऱ्यावरचा खेळाडू आणि त्याच्या शेजारचा खेळाडू यांची मनगटे जुन्या टॉवेलने एकत्र बांधत आणि त्या दोघांना तसेच मागे-पुढे सरकायला लावत. टॉवेलला ताण बसला, की दोघांनाही परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मग चढाईपटू आत यायचा आणि बोनस रेषेशी खेळायचा. बोनस गुण मिळायला एक पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो, म्हणजे त्या क्षणी चढाईपटूचा सगळा भार एकाच पायावर येतो. “हाताकडे बघू नको रे, हात फसवतो. गुडघा वाकला की समज, भार आला,” असे ते कोपऱ्यावरच्या मुलाला सांगत आणि तो नेमका तेव्हाच घोट्याला हात घालतो का, एवढेच पाहत. एका संध्याकाळी याखेरीज दुसरे काहीच झाले नाही. मुले कंटाळली होती. “सर, आता जरा सामना खेळू द्या ना,” असे एकाने म्हटलेही. सर नाही म्हणाले. त्या हंगामात हा संघ शहरातल्या दोन नामांकित महाविद्यालयांना हरवून नाशिक विभागाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला, आणि तो चढायांवर नव्हे, पकडींवर गेला. त्या डाव्या कोपऱ्यावरच्या मुलाची पुढे विद्यापीठाच्या संघासाठी चाचणीही झाली.

त्याच काळात शहरातल्या एका महाविद्यालयाने राज्य पातळीवर खेळलेले दोन चढाईपटू शुल्कमाफी देऊन आणले होते. दोघेही खरोखर गुणी होते. त्यांच्यासाठी वर्षभराचा प्रशिक्षक मात्र नव्हता. शारीरिक शिक्षण संचालकांचे पद महाविद्यालयात बहुधा एकच असते आणि त्या एका माणसाने बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळे खेळ, त्यांचे अर्ज, ओळखपत्रे आणि प्रवासखर्चाची बिले सांभाळायची असतात. त्याच्याकडून कबड्डीचा रोजचा सराव मागणे अन्यायाचे आहे, हे मला इथे स्पष्ट लिहायचे आहे. स्पर्धेच्या आठवडाभर आधी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला जातो, संघ निवडला जातो, गणवेश वाटला जातो आणि संघ मैदानात उतरतो. त्या दोन मुलांनी भरपूर गुण मिळवले, बचावाने त्याहून जास्त गमावले आणि पुढच्या वर्षी ती दोघे दुसऱ्या महाविद्यालयात गेली. टेक्सास ए अँड एमची गोष्ट वाचताना मला सतत हीच दोन मुले आठवत होती.

अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे पैसा आहे, दहा किंवा त्याहून जास्त सहायक प्रशिक्षक आहेत, त्यांच्याशी आपली तुलना कशी करणार, असे मला विचारले जाते. पैशांची तुलना मी करतच नाही. तिथला एक नियम मात्र आपण जरूर पाहावा. हंगाम शरद ऋतूत असतो, पण विद्यापीठाच्या संघाला वसंतात, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, पंधरा सराव करण्याची मुभा असते, आणि कोणता मुलगा कोणत्या जागी खेळणार हे बरेचसे त्या पंधरा सरावांत ठरते. हे आमच्या द्राक्षबागायतदारांना वेगळे सांगावे लागत नाही: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत जी घडनिर्मिती होते तीच ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर दिसते, आणि एप्रिलमध्ये न धरलेला घड ऑक्टोबरमध्ये कितीही औषधे मारली तरी येत नाही. आपली महाविद्यालये मार्च ते जून या काळात परीक्षा, निकाल आणि सुट्टी यांत गुंतलेली असतात आणि मैदाने रिकामी पडलेली असतात. त्या काळात आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास मिळाले, तरी आमच्या विभागातल्या संघांचा दर्जा दोन वर्षांत बदललेला दिसेल अशी माझी खात्री आहे.

मुलांचा दोष यात फार थोडा आहे. पदक मिळाले तर राज्य सरकारच्या नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा लाभ होईल, या आशेवर अनेक घरांतून मुले मैदानावर पाठवली जातात. आई-वडिलांनी त्यासाठी शेतातला एक हात कमी केलेला असतो. अशा मुलाला आपण आठवडाभराच्या सरावावर पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि अहिल्यानगर या विभागांतल्या संघांसमोर उभे करतो आणि तो हरला, की त्याच्यात गुण नव्हते असे म्हणून मोकळे होतो. गुण नव्हते हे कशावरून? ते शोधायला आणि वाढवायला आपण कोणाला नेमले होते?

एखाद्या महाविद्यालयाकडे दोन नावाजलेल्या खेळाडूंच्या शुल्कमाफीपुरतेच पैसे असतील, तर ते त्याने एका प्रशिक्षकाच्या वर्षभराच्या मानधनाकडे वळवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळाडू तीन वर्षांनी जातो, मनात आले तर एका वर्षातही जातो. प्रशिक्षक राहिला तर पुढची मुले तोच हेरतो, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शालेय स्पर्धा पाहत फिरणारा एक माणूस महाविद्यालयाला कायमचा मिळतो. नाशिक विभागात एका महाविद्यालयाने हे पाच वर्षे सलग केले, तर शुल्कमाफी देऊन मुले ओढून आणण्याची गरजच त्याला उरणार नाही.

त्यासोबत एक नोंदवही ठेवावी. मुलगा आला त्या दिवशीची उंची, वजन आणि शंभर मीटरला लागलेला वेळ, तो आधी कोणत्या जागी खेळत होता, वर्षभरात किती सरावांना हजर राहिला, त्याची जागा कधी आणि का बदलली, आणि शेवटच्या वर्षी तो कोणत्या पातळीपर्यंत गेला, एवढे त्यात असले तरी पुरे. अशी नोंद असती तर निफाडकडच्या त्या सरांनी काय घडवले, हे मला आज आठवणीवर विसंबून सांगावे लागले नसते. ते सर आता तिथे नाहीत. मानधन वेळेवर मिळत नसे म्हणून त्यांनी येणे थांबवले. ज्या महाविद्यालयात मी स्वतः खेळलो, तिथल्या जिमखाना समितीला मी या दोन्ही मागण्या लेखी दिल्या आहेत. नोंदवहीची मागणी त्यांनी मान्य केली आहे. मानधनाचा प्रश्न पुढच्या सभेत घेऊ असे सांगितले आहे, आणि त्या सभेला मी जाणार आहे.